गल्लीचे गटार आणि राज्याचा नाला



इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना त्यांची गोडी असावी हे स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र आज आपल्याला एका गल्लीचा इतिहास सांगणार आहोत. ही गल्ली कच्ची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस ते चाळीस घरे आहेत. त्या घरांतील सांडपाणी आणि मैला ह्याच गल्लीत येऊन साचतो. तो कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या आराखड्याप्रमाणे वाहून न्यावयाचा, एवढाच ह्या इतिहासाचा विषय आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु ज्या शहरात हा प्रश्न सुटत नाही त्या शहरातील पोरे हगवणीने दगावतात. आणि जेथे रहिवासी तो आपल्या हातांनी सोडवतात तेथे नगरपालिका आणि नागरिक यांच्यामधील जुना हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

आमची उमर कामगार संघटनेत गेली. शाळा लवकर सुटली; पुढचे जे काही शिकलो ते वर्गणीच्या पावत्या फाडताना, कामगारांच्या वस्त्यांतून हिंडताना आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. त्यामुळे ‘रहिवाशांनी वर्गणी काढून आपला रस्ता आपणच सुधारावा’ असे कोणी म्हटले की आमच्या कपाळाला प्रथम आठीच पडते. ज्यांच्या बंगल्यांपुढे नगरपालिका आपण होऊन डांबर ओतते त्यांना कोणी वर्गणी मागत नाही. ज्याच्या हातावर पोट आहे त्याला मात्र स्वावलंबनाचा उपदेश! रोजच्या पुष्कळ वस्तूंवर तो कर देतो. त्याने गटारही पदराला खार लावून बांधावयाचे, हा कोठला न्याय? आमचा हा आक्षेप आजही कायम आहे. परंतु केवळ आक्षेप घेतल्याने गल्लीतले पाणी हटत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या साक्षीने तपासून पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

जुनी वहिवाट

रस्त्याचे काम रहिवाशांच्या गळ्यात घालण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडात १५५५ साली एक कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक पॅरिशमधील घरकऱ्याने वर्षातून चार दिवस रस्तादुरुस्तीवर बिनमजुरीने राबले पाहिजे, असे ठरले. १५६३ साली चाराचे सहा दिवस झाले. ज्याच्याजवळ जमीनजुमला असेल त्याने गाडी, जनावरे आणि माणसे पाठवावयाची. ज्याच्याजवळ काहीच नसेल त्याने आपले अंग मोडावयाचे. देखरेख करणारा सर्व्हेयर हाही गावातलाच एक बिनपगारी मनुष्य असे, आणि त्याला बहुधा रस्त्याच्या कामाचे ज्ञान नसे. ही पद्धत १८३५ सालच्या कायद्याने बंद होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे, चालली. आपल्याकडे अशा कामाला ‘वेठ’ हा चपखल शब्द आहे. वेठीच्या कामात मनुष्य हजर असतो, त्याचा जीव मात्र कामात नसतो. ते रस्ते कसे होते याचे निराळे वर्णन करावयास नको.

शहरांतील तऱ्हा निराळी होती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात प्रत्येक घरमालकाने आपल्या दारापुढचा तुकडा स्वतः फरसबंद ठेवावयाचा, असा दंडक होता. परिणाम असा झाला की एकाच्या दारापुढे मोठे धोंडे, दुसऱ्यापुढे खडी, तिसऱ्यापुढे नुसता खड्डा. एकाची फरसबंदी उंच, तर शेजाऱ्याची सखल. पाणी जाणार कोठे? अखेरीस १७६२ साली पार्लमेंटाने वेस्टमिन्स्टरपुरता फरसबंदीचा कायदा केला, कमिशनर नेमले, रहिवाशांवर पट्टी बसवली आणि सबंध रस्ता एका हाताने, एका पातळीत करावयास आरंभ केला.

ह्या दोन दाखल्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ज्या कामाचा आराखडा करण्यात लोकांचा हात नाही त्या कामावर त्यांना राबवले तर ती वेठ होते. दोन, प्रत्येकाने आपापल्या दारापुरते पाहिले तर रस्ता होत नाही. कारण पाण्याला घराच्या हद्दी ठाऊक नसतात, त्याला फक्त उतार समजतो. ह्या दोन्ही अडचणी ओलांडून रहिवाशांनीच रस्त्याखालचे काम उभे केल्याचा एक मोठा दाखला अलीकडच्या इतिहासात आहे. तो सांगण्यासाठी आपल्याला कराचीस जावे लागेल.

ओरंगीची वस्ती

कराची आज परराज्यात आहे, परंतु आपल्या जुन्या पिढ्यांना ते नाव परके नव्हते. १९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि कराचीचा कारभारही मुंबई सरकारच्याच हाताखाली चाले. फाळणीनंतर त्या शहरावर निर्वासितांचे लोंढे आले. १९६५ च्या सुमारास शहराच्या वायव्येस ओरंगी नावाची एक वसाहत सरकारने आखली. १९७१ साली बांगलादेश निराळा झाल्यावर तिकडचे बिहारी मुसलमान कराचीत आले, आणि ओरंगी त्या आखलेल्या सीमेबाहेर टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पसरली. दलालांनी सरकारी जमिनीवर दोऱ्या लावून १२० चौरस यार्डांचे तुकडे पाडले आणि विकले. दलाल कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार खरे. परंतु त्यांनी गल्ल्या सरळ आखल्या. पुढे ही गोष्ट फार उपयोगी पडली.

वस्ती कष्टकऱ्यांची. बनारसी साड्या विणणारे विणकर, जवळच्या औद्योगिक वसाहतीतील गिरणीकामगार, हमाल, गवंडी, ड्रायव्हर, फेरीवाले, कारकून. कोणी उत्तर हिंदुस्थानातून आलेले, कोणी बिहारी, कोणी पठाण, कोणी पंजाबी. घरे त्यांनी स्वतःच बांधली. वस्तीतल्या थळेवाल्याकडून सिमेंटचे ठोकळे उधारीवर घ्यावयाचे आणि एकेक खोली उठवावयाची. परंतु मैल्याची व्यवस्था काही नव्हती. बहुतेक घरांत टोपलीचे संडास. चार-पाच दिवसांनी भंगी येई आणि टोपली पुष्कळदा गल्लीतच रिकामी होई. ज्यांना परवडे त्यांनी शोषखड्डे खणले होते. तेही काही वर्षांत भरून जात. सांडपाण्याचे ओहोळ दारादारांतून वाहत, आणि त्यांतूनच मुले ये-जा करीत.

एक निवृत्त सनदी नोकर

अशा ह्या वस्तीत १९८० च्या एप्रिलात पासष्टी ओलांडलेले एक गृहस्थ येऊन दाखल झाले. त्यांचे नाव अख्तर हमीद खान. जन्म १९१४ सालचा, आग्र्याचा. १९३६ साली ते आय. सी. एस. झाले. बंगालचा १९४३ चा दुष्काळ त्यांनी सरकारी खुर्चीवरून पाहिला, आणि १९४५ साली त्या खुर्चीचा राजीनामा दिला. त्यानंतर अलीगढजवळच्या एका खेड्यात ते कुलपे करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून राबले. पुढे पूर्व बंगालात कोमिल्ला येथे १९५९ पासून त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी संघटनेचे जे काम उभारले त्याची कीर्ति सर्वत्र झाली, आणि १९६३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

ओरंगीत त्यांना पाठवले होते एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या, बी. सी. सी. आय. च्या, धर्मादाय निधीने. कामाला नाव दिले ‘ओरंगी पायलट प्रोजेक्ट’. देणगी देणाऱ्याची अपेक्षा बहुधा अशी असते की, काहीतरी चटकन बांधावे आणि त्यावर पाटी लावावी. खानसाहेबांनी पहिले कित्येक महिने काहीच बांधले नाही. ते गल्लोगल्ली हिंडले, लोकांशी बोलले. लोकांनी चार दुःखे सांगितली : मैला, रोजगार, आरोग्य आणि शिक्षण. त्यांपैकी मैल्याचा प्रश्न त्यांनी पहिला हाती घेतला.

चार अडथळे

गल्ली सुधारत का नाही याचा विचार करता खानसाहेबांना चार अडथळे दिसले. कामगार चळवळीतल्या कोणाही माणसाने ते नीट पाहावेत.

पहिला अडथळा मनाचा. लोक म्हणत, गटार बांधणे हे सरकारचे काम आहे आणि ते सरकार फुकट करील. ही समजूत चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. हक्क म्हणून ती बरोबरच होती. परंतु सरकार येईपर्यंत पोरांनी मैल्यात खेळावयाचे काय? खानसाहेबांचा मुद्दा साधा होता. घर आपण आपल्या पैशाने बांधले. मग घर उंबऱ्यापाशी संपते असे कोणी सांगितले? दारापुढची गल्ली हाही घराचाच भाग.

दुसरा अडथळा संघटनेचा. सबंध ओरंगी एकत्र येणे अशक्य. मोहल्लाही मोठा, तेथे पुढारी येतात, पक्ष येतात, तंटे येतात. म्हणून गल्ली हेच एकक धरले. वीस ते चाळीस घरांत सगळे एकमेकांना ओळखतात. कोणी वर्गणी दिली आणि कोणी टाळली हे सकाळी नळावर कळते. आमच्या संघटनेतही हाच अनुभव आहे. हजार कामगारांच्या सभेत हात वर करणारे पुष्कळ असतात. परंतु संप टिकतो तो खात्यातल्या वीस-पंचवीस माणसांच्या एकमेकांवरील विश्वासावर.

तिसरा अडथळा पैशाचा. सरकारी दराने गटाराचा जो खर्च येई तो गल्लीला झेपण्यासारखा नव्हता. तेव्हा खर्चच कमी करावयाचा. कंत्राटदाराचा नफा वगळला; टक्केवारी वगळली; देखरेखीचा पगार वगळला. पुस्तकी नमुन्यांतील अवजड भाग छाटले. मेनहोल आणि त्यांचे ढापे ओतण्यासाठी लोखंडी साचे केले आणि ते गल्ल्यांना वापरावयास दिले. प्रत्येक घराचे पाणी गल्लीच्या नळात शिरण्यापूर्वी एका छोट्या हौदीत पडे. तेथे जड गाळ खाली बसे, आणि पुढे पाणी बरेचसे मोकळे जाई. त्यामुळे नळ तुंबण्याचे प्रमाण घटले आणि लहान व्यासाचे नळ पुरले. ह्या सगळ्यामुळे घरातला संडास, जोडणी आणि गल्लीतले गटार मिळून खर्च घरामागे सुमारे एक हजार पाकिस्तानी रुपयांवर आला. सरकारी अंदाजाच्या मानाने तो कित्येक पटींनी कमी होता.

चौथा अडथळा ज्ञानाचा. जमिनीचा उतार कसा काढावयाचा, चर किती खोल खणावयाचा, हे ना रहिवाशांना ठाऊक होते ना खुद्द संस्थेला. म्हणून वस्तीतल्याच पोरांना लेव्हल लावणे, मोजणी करणे, नकाशा काढणे शिकवले. अरिफ हसन ह्या कराचीच्या वास्तुशास्त्रज्ञांनी सल्लागार म्हणून ह्या कामाला शास्त्राची बैठक दिली.

काम चाले कसे

आता प्रत्यक्ष रीत पाहू. संस्थेचा कार्यकर्ता गल्लीत सभा घेई, पडद्यावर चित्रे दाखवी, काम काय आहे ते समजावून सांगे. मग सांगे, गल्लीने एकमताने आपला एक कारभारी निवडावा आणि त्याने आमच्याकडे अर्ज करावा. अर्ज आल्यावाचून आम्ही येणार नाही. अर्ज आला म्हणजे शिकलेली पोरे मोजणी करीत, नकाशा आणि खर्चाचा अंदाज कारभाऱ्याच्या हाती देत. पैसे गोळा करावयाचे कारभाऱ्याने. माल आणावयाचा गल्लीने. चर स्वतः खणावयाचा की मजूर लावावयाचे हेही गल्लीनेच ठरवावयाचे. संस्था अवजारे आणि साचे उसने देई आणि देखरेख करी.

ह्या रीतीतला सर्वांत महत्त्वाचा नियम आम्ही मुद्दाम वेगळा सांगतो. गल्लीच्या वर्गणीचा एक पैसाही संस्थेच्या हातातून जात नसे. जमा गल्लीत, खर्च गल्लीत, हिशेबही गल्लीपुढे. ज्यांनी सार्वजनिक पैसा हाताळला आहे त्यांना ह्या नियमाचे मोल कळेल. आम्ही असल्या कामांच्या कितीतरी वह्या पाहिल्या आहेत. एका कामगार वस्तीत रस्त्याच्या वर्गणीची वही एका पुढाऱ्याच्या घरी गेली ती परत आलीच नाही, आणि त्यानंतर दहा वर्षे त्या वस्तीत गणपतीखेरीज कशालाही कोणी वर्गणी दिली नाही. पैसा बुडाला तो थोडाच; विश्वास बुडाला तो फार.

१९८१ साली पहिल्या गल्ल्यांची गटारे झाली. आरंभीच्या कामांत दोष होतेच. काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू आणि खडीचे प्रमाण चुके. ओतलेल्या कामावर पुरेसे दिवस पाणी मारले जात नसे, त्यामुळे ते ठिसूळ होई. पाहणीत दोष दिसले तेव्हा ते झाकले नाहीत. कामाची रीत गल्लीत पुन्हा शिकवली. नाल्याजवळच्या गल्ल्यांची सोय सरळ झाली. आतल्या गल्ल्यांचे पाणी नाल्यापर्यंत नेण्यासाठी मध्ये दुय्यम गटार लागे. तेव्हा ज्या गल्ल्यांनी पूर्वी एकमेकींचे तोंड पाहिले नव्हते त्यांना एकत्र बसून वाटा ठरवणे भाग पडले. गटार झाले, गल्ली कोरडी झाली, की भर टाकून ती सपाट करण्याची पाळी येई. मग बायका दारात बसू लागल्या, मुले खेळू लागली, घराची किंमतही वाढली.

हे सर्व शांततेच्या काळात झाले असे कोणी समजू नये. १९८६ च्या डिसेंबरात ओरंगीच्या कसबा आणि अलीगढ ह्या वसाहतींवर सशस्त्र हल्ले झाले आणि अनेक माणसे मारली गेली. त्या शहरात जाती-भाषांचे वैर रस्त्यावर उतरले होते. अशाही काळात काम थांबले नाही. १९९१ साली ज्या बँकेच्या देणगीवर संस्था उभी राहिली होती ती बँक घोटाळ्यांपायी जगभर बंद झाली. परंतु गल्लीच्या गटारात तिचा पैसा नसल्यामुळे गटारे वाहतच राहिली. शतक संपले तेव्हा सुमारे सहा हजार गल्ल्यांत आणि नव्वद हजारांच्या आसपास घरांत हे काम पोहोचले होते, आणि रहिवाशांनी आपल्या खिशातून घातलेली रक्कम आठ कोटी पाकिस्तानी रुपयांच्या घरात गेली होती. १९९९ साली अख्तर हमीद खान निवर्तले.

हद्द कोठे आखावयाची

येथवर ऐकून कोणी म्हणेल, पाहा, लोकांनी केले. मग सरकारची गरजच काय? आमचा मुख्य मुद्दा येथेच आहे, आणि ओरंगीच्या कार्यकर्त्यांनीही तो कधी दृष्टीआड केला नाही. त्यांनी कामाचे चार भाग पाडले. घरातला संडास, गल्लीतले गटार आणि गल्ल्या जोडणारे दुय्यम गटार हे झाले ‘आतले’ काम. ते लोक करतील. मुख्य नाला आणि मैलपाण्याच्या शुद्धीकरणाचा कारखाना हे ‘बाहेरचे’ काम. ते सरकारने केलेच पाहिजे. ही वाटणी दानधर्माची नसून कराराची आहे. ज्याने आपला वाटा पुरा केला तो दुसऱ्या पक्षाकडे बोट दाखवून म्हणू शकतो, आता तुझा वाटा टाक.

आणि तसे म्हणण्याचे हत्यारही त्यांच्या हाती आले. ते हत्यार म्हणजे नकाशा. वस्तीतल्या पोरांनी गल्ल्यांचे, पुढे नाल्यांचे आणि शहरातील इतर गरीब वस्त्यांचे नकाशे काढले. सरकारच्या कागदावर जेथे काहीच नव्हते तेथे लोकांनी बांधलेली गटारे आधीच वाहत होती, हे त्या नकाशांनी सिद्ध केले. कराचीच्याच कोरंगी भागात मलनिस्सारणाची एक प्रचंड योजना परदेशी कर्जाने व्हावयाची होती. आहे ते काम हिशेबात धरले तर एवढ्या कर्जाची गरज नाही, असे ह्या मंडळींनी आकड्यांनी दाखवले, आणि १९९९ साली सिंधच्या गव्हर्नरांनी आशियाई विकास बँकेचे सात कोटी डॉलरचे कर्ज रद्द केले. गल्लीच्या चरातून निघालेली विद्या राज्याच्या तिजोरीपर्यंत पोहोचली ती अशी.

परंतु नकाशा काढणाऱ्यावर ज्यांचे डोळे असतात ते सर्वच सज्जन नसतात. ह्या कामात १९८० च्या दशकाच्या आरंभापासून राबलेल्या आणि पुढे संस्थेच्या प्रमुख झालेल्या वास्तुशास्त्रज्ञ परवीन रहमान यांनी शहराच्या कडेच्या खेड्यांच्या जमिनींची आणि चोरून विकल्या जाणाऱ्या पाण्याचीही नोंद केली होती. १३ मार्च २०१३ रोजी घरी परतत असताना त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले.

आणि राज्याने आपला वाटा टाकला काय? काही नाल्यांचे काम झाले. पुष्कळसे झाले नाही. गल्ल्यांतला मैला शुद्ध न होताच नाल्यांतून समुद्राकडे जात राहिला. नाल्यांत कचरा साचला, काठांवर बांधकामे चढली. १९२० च्या लंडनची गोष्ट आम्ही सांगत नाही. २०२० च्या ऑगस्टात कराचीत विक्रमी पाऊस पडून शहर बुडाले तेव्हाची सांगतो. नाले मोकळे करण्याचा हुकूम सुटला, आणि २०२१ साली गुज्जर नाला आणि ओरंगी नाला यांच्या काठची हजारो घरे जमीनदोस्त झाली. ज्या नाल्याची निगा राखणे हे राज्याचे काम होते त्याची शिक्षा काठावरच्या गरिबाला भोगावी लागली. स्वयंसेवेच्या गोडव्यात हा अध्याय गाळून चालणार नाही.

आपल्याकडचे दोन दाखले

हा विचार आपल्याकडेही निराळ्या रूपांनी आला. अहमदाबादेस १९९५ साली महापालिकेने ‘परिवर्तन’ ह्या नावाने झोपडवस्त्यांत रस्ते, पाणी, गटार, दिवे देण्याची योजना आखली आणि संजयनगर ह्या वस्तीपासून आरंभ केला. प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये आपला वाटा म्हणून आणि शंभर रुपये निगराणीसाठी द्यावयाचे. उरलेला भार महापालिकेने आणि उद्योगपतींनी उचलावयाचा. पैसे साठवण्याच्या आणि कर्जाच्या कामी उभी राहिली ‘सेवा’ची बँक. ‘सेवा’ ही १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेली असंघटित कष्टकरी बायकांची कामगार संघटनाच आहे, हे आम्ही थोड्या अभिमानाने नमूद करतो. ह्या करारातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे : महापालिकेने वस्तीला दहा वर्षे हलवणार नाही असे आश्वासन दिले. दोन हजार रुपये देणारी बाई नुसता नळ विकत घेत नव्हती. ती दहा वर्षांची शाश्वती मिळवत होती. पुढच्या वस्त्यांत उद्योगपतींचा हात पहिल्यासारखा पुढे आला नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा दाखला मुंबईचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी गल्लीतील रहिवाशांनी आपली गल्ली स्वच्छ करण्याचे मनावर घेतले. त्याच सुमारास मुंबई महापालिकेने गल्लीगल्लीच्या रहिवासी समित्यांना मान्यता देण्याची योजना सुरू केली. ओला आणि सुका कचरा निराळा करणे, खत करणे, पदपथांवर आणि झाडांवर लक्ष ठेवणे अशी कामे ह्या समित्यांनी केली. काम चांगले झाले. परंतु ह्या समित्या बहुतांशी सुस्थित मध्यमवर्गाच्या वस्त्यांत फुलल्या, आणि त्यांतल्या काहींच्या अजेंड्यावर गल्लीतून फेरीवाल्याला हटवणे हाही एक विषय आला. येथे आम्हाला थांबून विचारावेसे वाटते : गल्ली कोणाची? पंचवीस वर्षे त्याच कोपऱ्यावर भाजी विकणारी बाई गल्लीची रहिवासी नाही काय? रोज पहाटे ती झाडणारा कंत्राटी कामगार समितीच्या सभेत का नसतो? २०१४ साली फेरीवाल्यांच्या उपजीविकेला कायद्याने संरक्षण मिळाले. परंतु गल्लीच्या सभेत त्यांना बसावयास जागा द्यावी असे कोणताही कायदा सांगत नाही. ते आपल्या मनावर आहे.

सारांश

श्रोतेहो, आमच्या आरंभीच्या आक्षेपाचे काय झाले? तो नाहीसा झाला नाही. त्याला हद्द सापडली. रहिवाशांनी गल्लीसाठी वर्गणी द्यावी की नाही, याचे एकच एक उत्तर नाही. ते चार गोष्टींवर अवलंबून आहे. आराखडा गल्लीत बसून झाला काय, आणि तो प्रत्येकाला समजला काय? पैसा गल्लीत राहिला आणि हिशेब गल्लीपुढे वाचला गेला काय? गल्ली कोठे संपते आणि नगरपालिकेचे काम कोठे सुरू होते, हे कागदावर आले काय? आणि गल्लीत राहणाऱ्या भाडेकऱ्याला, तिच्यावर पोट भरणाऱ्या फेरीवाल्याला आणि ती झाडणाऱ्याला सभेचे बोलावणे गेले काय? चारांची उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल वर्गणी द्या; ती वर्गणी तुमच्या हक्काची पावती होईल. एकही उत्तर नकारार्थी असेल तर आधी त्याचा निकाल लावा, कारण तशी वर्गणी म्हणजे १५५५ सालच्या वेठीचीच नवी आवृत्ती.

ओरंगीच्या विणकरांनी आणि हमालांनी जे केले ते करण्यास आपल्या शहरात माणसांची वाण नाही. गणपतीची वर्गणी आपण जमवतो, मंडप घालतो, रात्र-रात्र जागतो. हिशेबाचा कागद काही मंडळे फळ्यावर लावतात, आणि त्यांना पुढच्या वर्षी वर्गणी सहज मिळते. तेच हात, तीच वही, तोच फळा. पावसाळ्याला अजून अवकाश आहे. आपल्या गल्लीतले पाणी कोठून येते, कोठे अडते आणि कोठे जावयास हवे, याचा एक साधा नकाशा प्रत्येक गल्लीने ह्या महिन्यात काढावा. त्याच्या दोन प्रती कराव्यात : एक गल्लीच्या तोंडाशी लावावी, आणि दुसरी नगरपालिकेत देऊन तिची पोच घ्यावी. पोच घ्यावयास मात्र विसरू नये.